रिकाम्या मैदानाची तालीम

"ताई, पण गेल्या वर्षी तुम्हीच तर सांगितलं होतं, भोंगा वाजला की बाहेर या म्हणून."

"हो, सांगितलं होतं. चुकलं आमचं. आता भोंगा वाजला की घरात थांबायचं."

हे संभाषण सकाळपासून दारोदार चाललं होतं. 'चुकलं आमचं' म्हणताना पहिल्या काही दारांत तिची जीभ अडखळली. पुढे पुढे ते शब्द इतके गुळगुळीत झाले की त्यांतली चूकही झिजून गेल्यासारखी वाटायला लागली. जिने चढून पोटऱ्या भरून आल्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली, चिकटपट्टी आणि हातात धरायचा कर्णा. या सामानापायी वस्तीत तिला स्वतःचं नाव उरलं नव्हतं. लहानथोर सगळे तिला भोंगाताई म्हणत.

काम सांगायला सोपं होतं. वस्तीच्या वरच्या अंगाला, टेकाडावर, पाणी शुद्ध करायचं केंद्र होतं. तिथे क्लोरीनची मोठमोठी नळकांडी ओळीने आडवी निजलेली असत. त्यातलं एखादं कधी गळलं तर खालच्या लोकांनी काय करायचं, हे त्यांना आधीपासून माहीत असावं, म्हणून नगरपालिकेने तिला नेमलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेताना तिच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा होती. वाट्याला आले जिने.

गेल्या वर्षीची चूक मात्र साधीसुधी नव्हती. तालमीत किती लोकांनी भाग घेतला हे मोजायचं, तर लोक दिसायला हवेत. म्हणून समितीने ठरवलं की भोंगा वाजला की सगळ्यांनी शाळेमागच्या मैदानात जमायचं. जी गल्ली आधी जमेल तिच्यात घरटी एक बादली. जो माणूस सगळ्यांत आधी पोचेल त्याला वेगळी, झाकणाची. मैदान फुलून गेलं, फोटो छान आले. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, पाण्यासारखा उताराने खाली येतो आणि खोलगट जागी साचून राहतो, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मैदान ही वस्तीतली सगळ्यांत खोलगट जागा होती, हेही दिसत होतं. पण एक माहिती फायलीत होती आणि दुसरी पायाखाली, आणि त्या दोघींची गाठ घालून द्यायची कुणाला सुचलं नाही. त्या दिवशी कर्ण्यावरून "या, या, लवकर या" करणारी तीच होती. लोक मोजता यावेत म्हणून त्यांना बरोब्बर मरायच्या जागी बोलावलं होतं.

तिच्या डोक्यात उजेड पडला तो वडिलांच्या चपलांमुळे.

बाबा निवृत्त बसचालक. आयुष्यभर डिझेलचा धूर गिळून छातीचं खोकं झालेलं, खिशात कायम श्वासाचा पंप. झाकणाची बादली त्यांनीच जिंकली होती. निळी. ती न्हाणीघरात वरच्या फळीवर असायची आणि तिच्यात कुणी फरशीचं फडकं बुडवायचं नाही, असा नियम होता. एकदा काम आटोपून भोंगाताई घरी आली तर बाबांच्या चपला दाराकडे तोंड करून, पाय घातला की निघता येईल अशा मांडून ठेवलेल्या.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. भोंग्यासाठी ठेवतो. आता डोळे मिटून मैदानात पोचेन बघ."

ती त्या चपलांकडे बघत राहिली. त्यांची तोंडं उताराकडे होती, थेट मैदानाकडे.

दुसऱ्याच दिवशी ती नगरपालिकेतल्या साहेबांपुढे जाऊन बसली. यंदा लोकांनी घरातच थांबायचं, खिडक्या बंद, फटींना ओले टॉवेल. एक टॉवेल काचेला आतून लावायचा, म्हणजे रस्त्यावरून मोजता येईल. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे भिंतीवर रिकाम्या मैदानाचा फोटो लावायचा?"

"हो. मैदान जितकं रिकामं तितकी तालीम चांगली."

"आणि खाली काय लिहायचं? या फोटोत कुणीही नाही, सगळे सुखरूप आहेत?"

"लिहू की, साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते, नुसते थकलेले होते. तिच्यापेक्षा जास्त वर्षं थकलेले. "कर काय करायचं ते," ते म्हणाले. "पण बादल्या यंदा नाहीत. घरात बसायला कुणी बक्षीस देतं का?"

घरी बाबांना पटवणं त्याहून अवघड होतं.

"घरात थांबायचं? मग शिंप्याला काय दाखवू?"

शिंप्याचं घर मैदानाच्या कडेलाच, खाली दुकान आणि वर दोन खोल्या. गेल्या वर्षी आपणच आधी पोचलो होतो असं त्याचं म्हणणं होतं. मैदानाला लागून राहणाऱ्याची कसली आलीय शर्यत, असं बाबांचं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. अर्धवट शिवलेली बाबांची पँट अजून त्याच्याकडे पडून होती.

"बाबा, शर्यत नाहीये ती. गॅस खाली येतो. मैदानात साठतो. तुमची छाती अशी."

"हे बघ, बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे नीघ. जन्मभर त्यावर गाडी चालवली. तुझा भोंगा एका वर्षी म्हणतो नीघ, दुसऱ्या वर्षी म्हणतो थांब. प्रवाशांनी करायचं काय?"

"चुकलं आमचं," ती म्हणाली.

"ते झालंच. पण पायांना कोण सांगणार?"

तालमीला दोन दिवस उरले असताना ती शाळेजवळच्या इमारतीत, सगळ्यांत वरच्या मजल्यावर, एका परिचारिकेच्या घरी होती. बाई रात्रपाळी करून आलेली, जांभया देत ऐकत होती. टॉवेल पिळायचा पण कोरडा करायचा नाही, हे भोंगाताई दाखवत होती, तेवढ्यात भोंगा वाजला. वरखाली होत जाणारा, धोक्याचा.

"परवा होती ना तालीम?" बाई म्हणाली.

"परवाच आहे."

पिशवीतला फोन वाजला. केंद्रातला केमिस्ट. कॉलेजात तिच्या शेजारच्या टेबलावर असायचा.

"खरं आहे गं," तो म्हणाला. आवाज मुखवट्याआडून आल्यासारखा घोगरा. "नळकांडं बदलताना झडप गळायला लागली. आम्ही टोपण बसवायला आत जातोय. वारा तुमच्याकडेच आहे, पण संथ. लोकांना आत ठेव."

फोन बंद झाला. तिने खिडकीतून खाली पाहिलं, आणि तिचं गेल्या वर्षीचं काम तिच्या डोळ्यांसमोर उलगडलं. दारं उघडत होती. लोक कुलपं लावत होते, म्हाताऱ्यांचे हात धरत होते. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. सगळे अगदी शहाण्यासारखे, तिने शिकवलं होतं तसे, मैदानाकडे निघाले होते. सगळ्यांच्या पुढे, छाती पुढे काढून, पाय ओढत बाबा.

तिने बाबांना फोन लावला. मैदानाच्या कडेला पोचलेल्या बाबांनी खिशाला हातही लावला नाही. फोन घरी वाजत असणार. घाईत त्यांनी फक्त चपला घातल्या होत्या.

तिने खिडकी उघडली.

"अहो, आत्ताच तर सांगत होतात उघडायची नाही म्हणून," बाई म्हणाली.

"अजून वास नाही. तुम्ही टॉवेल भिजवा, मी लगेच लावते." तिने कर्णा तोंडाला लावला. "घरात जा! गळती झालीय! हे खरं आहे, घरात जा!"

लोकांनी वर पाहिलं. काहींनी हात हलवले. खालून कुणीतरी हसत ओरडलं, "भोंगाताई, 'खरं आहे असं समजा' असं गेल्या वर्षीही म्हणाला होतात!"

म्हणाली होती. तिचंच वाक्य होतं ते. बाबांनीही तिला पाहिलं आणि एक हात उंच केला. पहिला आलो, असं सांगणारा.

खाली उतरून त्यांना ओढून आणावं, एवढं एकच तिच्या मनात आलं. पण जिने उतरून मैदान गाठेपर्यंत बाकीची वस्ती तिथे येऊन उभी राहिली असती, आणि कर्णा धरून धावणारी भोंगाताई पाहून उरलेलेही बाहेर आले असते. ती जिथे होती तिथेच तिला थांबायला हवं होतं. हा नियमही तिचाच.

खरं सांगून काही होत नव्हतं. मग तिने लोकांना कळेल असं काहीतरी सांगितलं.

"ऐका! नियम बदलले! मैदानात असणारा बाद! ज्या घराची खिडकी बंद होऊन टॉवेल आधी दिसेल, त्या घरातल्या सगळ्यांना बादल्या! घर कुणाचंही चालेल, वरचा मजला हवा!"

क्षणभर सगळे थबकले आणि मग मैदानाला गळती लागली. लोक पळाले. स्वतःच्या घरी, शेजाऱ्याच्या घरी, ज्याचं दार उघडं दिसलं त्याच्या घरी. कुणाची पोरं कुणाच्या कडेवर गेली, कोण कुणाच्या जिन्यात शिरलं, काही ताळमेळ राहिला नाही. मैदानात मधोमध एकटे बाबा उरले. ते घराच्या दिशेने वळले. घर चढावर होतं. केंद्राच्या बाजूला.

"बाबा, घरी नाही! शिंप्याकडे जा!"

हे सगळ्या वस्तीने ऐकलं. बाबा जागचे हलले नाहीत. दुकानाच्या दारात शिंपी गळ्यात टेप लटकवून उभा होता, तोही हलला नाही.

"शिंपीकाका, खिडकी एकाची आणि बादल्या दोघांना!"

शिंप्याने बाजूला सरून दार पूर्ण उघडलं. बाबा तरीही सावकाश गेले, चपला दाराबाहेर काढून. तिने खिडकी लावून घेतली. परिचारिकेने ओला टॉवेल फटीत दाबला आणि काही न विचारता चिकटपट्टीचं दुसरं टोक धरलं.

मग काही करायचं उरलं नाही. काचेला नाक लावून ती समोरच्या खिडक्या बघत राहिली. एकेक टॉवेल उमटत होता, पिवळे, पांढरे, एक बदकांच्या चित्रांचा. शिंप्याच्या वरच्या खिडकीत मात्र काही दिसेना. तिच्या मनात येत राहिलं की पंप कदाचित फोनबरोबर घरीच राहिला असेल. मग त्या काचेला एक चौकडीचं ओलं कापड चिकटलं. कुणाच्या तरी शर्टाचं, अजून न बेतलेलं. थोड्या वेळाने पोहण्याच्या तलावासारखा पुसट वास आला, आणि बराच वेळ कमी होईना की वाढेना.

दुपार कलल्यावर एकसलग भोंगा वाजला, धोका टळल्याचा. टोपण बसलं होतं. काही लोकांचे डोळे चुरचुरले, काहींना खोकला लागला, दवाखान्यातून सगळ्यांना त्याच दिवशी घरी सोडलं. मैदानाच्या खालच्या कोपऱ्यातलं गवत मात्र दोन दिवसांनी पांढरटलं.

गळतीच्याच संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावून आधी पाणी दिलं. मग विचारलं, "बादल्या कुणी कबूल केल्या?"

"मी."

"सगळी वस्ती सांगतेय, आमचा टॉवेल पहिला. आता?"

"आता सगळ्यांना द्या, साहेब."

साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. होकार होता की नुसता थकवा, तिला कळलं नाही.

घरी बाबा खाटेवर बसले होते. खोकत होते, पण नेहमीइतकंच. पँट शिवून आणली होती.

"खरंच होतं तर खरं सांगायचं," ते म्हणाले.

"सांगितलं. तुम्ही हात हलवलात."

बाबांनी पँटीची घडी सारखी केली. "शिंपी म्हणाला, पोरीचा आवाज आज वेगळा आहे. मी म्हटलं, छे, ती तालमीतही असंच ओरडते."

"हं."

"पुढच्या वेळी तू तिथे नसलीस तर? बादल्यांचं कुणी ओरडलं नाही तर?"

दिवसभर हाच प्रश्न ती टाळत आली होती. लोक वाचले होते, पण शिकले नव्हते. किंवा शिकले होते ते एवढंच, की भोंग्यानंतर काहीतरी मिळतं. ती भिंतीला टेकून जमिनीवरच बसली, पिशवी खांद्यावर तशीच.

"मग परत सांगायचं," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्या दारापासून."

"आजच नको. बस जरा." बाबा उठले, दारातल्या चपला उचलून त्यांनी खाटेखाली अगदी आत, भिंतीपर्यंत सरकवल्या. वाकल्यामुळे दम लागला. पंप ओढून झाल्यावर ते म्हणाले, "मला सांग आधी. भोंगा वाजला की?"

"घरात थांबायचं."

"एक घंटी."

"एक घंटी, बाबा."

सकाळी पोटऱ्या कालच्यापेक्षा जास्त दुखत होत्या. पहिलं दार एका बाईने उघडलं, हाताला पोळीची कणीक तशीच. ती सगळं सांगेपर्यंत बाई मान हलवत राहिली, कुठेही अडवलं नाही. तिला वाटलं, चला, एक तरी घर झालं.

"कळलं, ताई. घरात थांबायचं, खिडकी लावायची, टॉवेल," बाई म्हणाली. "पण बादल्या कधी मिळणार?"

तिने पिशवी खाली ठेवली, टॉवेल बाहेर काढला आणि पुन्हा सुरुवात केली.