डबल बेलवर थांबणारी यॉट

आमच्या आईने स्वतःपेक्षा चार वर्षांनी मोठी, पंचावन्न फुटी मोटरयॉट घेतली आणि उलटी नेऊन धक्क्याला लावली. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं समजू. त्या आठवड्यात असं काही घडण्याची सुतराम शक्यता नव्हती, आणि घडू नये म्हणून बाबा जातीने लक्ष घालत होते.

आई सव्वीस वर्षं बस चालवून निवृत्त झाली. बाबा त्याच बसवर कंडक्टर. आधी लग्न झालं की आधी ड्यूटी लागली यावर घरात अजून एकमत नाही, पण आई बाबांना 'मास्तर' म्हणते आणि बाबा तिला 'ड्रायव्हर'. निवृत्तीनंतर दोघांनी अठरा फुटांची एक बोट घेतली. आई तिला साबणाची डबी म्हणायची. बारा मीटरची बस हाकलेल्या बाईला डबीत बसवणं म्हणजे हत्तिणीला पाटावर बसवणं. आई तक्रार करत नसे, पण डबी वळवताना सवयीने आरशात बघायची. डबीला आरसा नव्हता.

पलीकडच्या धक्क्यावर दातांच्या डॉक्टरांची यॉट उभी असायची. लाकडी, दोन इंजिनांची, रंग उडालेली. डॉक्टरांचे गुडघे गेले होते आणि मुलांना समुद्र लागत होता, म्हणून ते ती फुकट द्यायला निघाले होते. सोमवारी तोडणारे येणार होते. त्याआधी कुणी नेली तर नेली.

आईने ठोक्याला बोलावलं. ठोक्या म्हणजे बंदरावरचा सुतार. हातोडीने बोटीच्या बुडावर ठोकत जातो, कान लावतो आणि आतलं लाकूड काय म्हणतंय ते ऐकतो. दोन तास त्याने ठोकलं. बाबांनी विचारलं, कशी आहे?

"म्हातारी आहे," ठोक्या म्हणाला.

घेण्यासारखी आहे का, असं बाबांनी विचारल्यावर त्याने हातोडी खाली ठेवली. "तुम्ही स्वतःच्या आजीबद्दल असं विचाराल का?"

मग त्याने सांगितलं की मागच्या तीन फळ्या बदलाव्या लागतील, डावं इंजिन खोकतं, उजवं कुणाचं ऐकत नाही, पण कणा सरळ आहे. बाबांनी फक्त खोकला ऐकला. आईने फक्त कणा ऐकला. अशाच पद्धतीने त्यांचा संसार तेहतीस वर्षं टिकला आहे.

बाबांचं म्हणणं असं की पांढरा हत्ती पोसला तर निदान तो जमिनीवर मरतो. आपण दोघं आणि ही तिसरी, यांत आधी कोण गळायला लागेल यावर पैज लावायची का, असंही त्यांनी विचारलं. आई ऐकायला तिथे नव्हतीच. ती यॉटच्या चाकामागे जाऊन बसली होती. डॉक्टर तिला दोन लिव्हर दाखवत होते: एक डाव्या इंजिनाची, एक उजव्या. डावी पुढे आणि उजवी मागे ढकलली की ही जागच्या जागी वळते.

"परत सांगा," आई म्हणाली.

डॉक्टरांनी परत सांगितलं. लोक गाणं ऐकतात तसं आईने ते ऐकलं. सव्वीस वर्षं ती मंडईच्या कोपऱ्यावर तीनदा मागेपुढे करत, स्कूटरवाल्यांचे शब्द झेलत बस वळवत आली होती.

बंदर अधिकाऱ्याने नियम सांगितले. पन्नास फुटांवरच्या नौकेला चालक आणि सहायक अशा दोन सह्या लागतात. सहायक म्हणून मी तयार होतो, पण मला बांधलेल्या बोटीतही उलटी होते, आणि ती मी अर्ज भरताना त्यांच्या टेबलाशेजारी करून दाखवली. म्हणजे सही बाबांचीच. शिवाय रिकामी जागा एकच, आतल्या कोपऱ्यात, दोन चकचकीत पांढऱ्या यॉटींच्या मधोमध. शनिवारी दहा वाजता, त्यांच्यासमोर, यॉट उलटी नेऊन त्या फटीत लावायची. कुणालाही धक्का लागला तर अर्ज रद्द.

बाबा म्हणाले, ओरखडा न काढता लागली तर सही करीन. नाहीतर आपली डबी बरी, आणि मोठ्या बोटीचं नाव पुन्हा या घरात निघणार नाही. आई म्हणाली, चालेल.

शनिवारी सकाळी चहा पिताना ती मिठाची आणि साखरेची बरणी आळीपाळीने पुढेमागे सरकवत होती. मी म्हटलं, आई, नाही जमलं तर डबी आहेच की.

"बस सोडली त्या दिवशी चावी डेपोच्या टेबलावर ठेवली," ती म्हणाली. "तेव्हापासून हातांना कळत नाही कुठे जायचं." आणि साखर मागे घेतली.

दहाला दोन्ही इंजिनं सुरू झाली. डावं खोकलं, उजव्याने ऐकलं नाही, मग दोघंही लाजेकाजेस्तव चालू लागली. मी यॉटच्या मागच्या टोकाला, टक्कर झेलायचे रबरी फुगे हातात आणि बादली पायाशी घेऊन. बाबा माझ्याशेजारी बाकावर, प्रवासी म्हणून. सहायक नाही, हे त्यांनी अधिकाऱ्याला तीनदा सांगितलं होतं.

फटीसमोर आईने डावी पुढे, उजवी मागे केली. पंचावन्न फूट लाकूड भोवऱ्यासारखं जागच्या जागी फिरलं. धक्क्यावर ठोक्याने टोपी काढली. मग ती उलटी आत शिरू लागली.

आता अडचण अशी की चाकाजवळून मागचं टोक दिसत नाही. मागचं मी सांगायचं होतं. मी "थोडं, अजून थोडं, जरा" असं सांगत होतो आणि इंजिनांच्या आवाजात आईपर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. डावीकडच्या पांढऱ्या यॉटवर एक जोडपं न्याहारी करत होतं. त्यांनी अंडं खाणं थांबवलं. बाबांच्या मांडीवर बाबांचीच बोटं वळवळायला लागली. शेवटी त्यांना राहवेना. ते उठले आणि कॅबिनच्या लाकडावर तळहाताने थापा मारू लागले. धप, धप, धप. येऊ द्या, येऊ द्या.

आईची पाठ ताठ झाली. यॉट सरळ झाली.

धक्का बारा फुटांवर आला तेव्हा बाबांनी जोरात एकच थाप दिली. सिंगल बेल. थांबा. आईने दोन्ही लिव्हर मधे आणल्या आणि उजवा पाय फळीवर दाबला. तिथे ब्रेक नव्हता. पाण्यालाही नसतो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सिंगल बेलला गाडी थांबली नाही. दहा फूट. आठ. बाबा पुन्हा सिंगल. आई फळी भोक पडेल इतकी दाबतेय. सहा. अधिकाऱ्याने अर्जाचं वरचं टोक दोन्ही हातांत धरलं.

बाबांचा चेहरा पांढरा पडला, मग काहीतरी समजल्यासारखा झाला. त्यांनी दोन थापा दिल्या. धप धप. डबल बेल. चला पुढे.

उलट्या जाणाऱ्या गाडीला पुढे जायला सांगणं वेडेपणाचं होतं, पण डबल बेल मिळाली की आई विचार करत नाही. तिने दोन्ही लिव्हर पुढे ढकलल्या. मागचं पाणी उकळल्यासारखं फेसाळलं, यॉटने मोठा श्वास घेतला आणि धक्क्यापासून वीतभर अंतरावर उभी राहिली. माझे फुगे कोरडेच राहिले. न्याहारीवाल्यांच्या कपातला चहा हललासुद्धा नाही. मग त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. ठोक्याने वाजवल्या, डॉक्टरांनी काठी वाजवली, आणि अधिकाऱ्याने अर्ज फाडण्याऐवजी त्याने वारा घेतला.

आई मागे आली. कुठे जायचं ते तिच्या हातांना नेमकं कळलेलं दिसत होतं. बाबांनी खिशातून पेन काढलं, सहायकाच्या रकान्यात सही केली आणि म्हणाले, "ड्रायव्हर, उद्याची ड्यूटी किती वाजता?"

आता दर रविवारी आम्ही बाहेर जातो, माझ्या बादलीसकट. एकच मुद्दा शिल्लक आहे, त्याबद्दल मी कालच अर्ज दिला. प्रत खाली जोडली आहे.

"प्रति, मा. बंदर अधिकारी. महोदय, सदर नौकेचे कंडक्टर अधिकृत थांब्याखेरीज कोणासही उतरू देत नाहीत. त्यामुळे भर समुद्रात पोहू इच्छिणाऱ्या प्रवाशांची कुचंबणा होत आहे. तरी किनाऱ्यापासून अकरा मैलांवर, पाणी सर्वांत खोल आहे तेथे, एक विनंती थांबा, छप्पर, बाकडे व वेळापत्रकाच्या फलकासह, तातडीने मंजूर व्हावा, ही विनंती. कळावे."