परातीत न्हालेला नवरंग

मी परात बोलतेय. पितळेची, काठाला पोचा आलेली. पुढं सांगतेय ते अगदी तसंच घडलं का, याची मला खात्री नाही. प्राध्यापकाच्या घरात आयुष्य गेलं की परातीलाही शंका घ्यायची सवय लागते.

गुलमंडीवरच्या दुकानातून मी वच्छलाबाईंच्या रुखवतात आले आणि हर्सूलला प्राध्यापक आप्पासाहेबांच्या घरी नांदू लागले. वच्छलाबाई माझ्यात ज्वारीचं पीठ मळत. त्या भाकरी बांधून घेऊन आप्पासाहेब पक्षीवेड्या मंडळींबरोबर तलावावर पक्षी पाहायला जात. दुखऱ्या गुडघ्यांमुळं वच्छलाबाई घरीच.

मग दुष्काळाची वर्षं आली. तलाव आटला, बदकं गेली. शहर मात्र चिकलठाण्याच्याही पुढं पसरत होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी. "पाणी आलं!" अशी हाक उठली की घरातलं पोकळ असेल ते सगळं भरायचं. मीसुद्धा.

पक्ष्यांवाचून कासावीस झालेल्या आप्पासाहेबांनी मे महिन्यात सगळ्यांना कोकणात, समुद्रकाठी नेलं. "नवरंग पक्षी दाखवतो," असा शब्द दिला आणि "नाही दिसला तर?" म्हणत बसमध्ये स्वतःच जागे राहिले. या वेळी वच्छलाबाईही होत्या. तिकडं ज्वारीची भाकरी कोण करणार, म्हणून मीही.

सकाळी मंडळी दुर्बिणी घेऊन खाडीकडं गेली. वच्छलाबाईंनी मला घासायला उतरलो होतो त्या घराच्या परसातला नळ सोडला, तर धो धो पाणी!

"अहो, पाणी आलं!" त्या ओरडल्या. ऐकायला कुणी नव्हतं. मग एकटीनंच बादल्या, पातेली, मला, सगळं काठोकाठ भरलं.

घरमालकीण हसली. "वहिनी, भरताय कशाला? आमच्या नळाला कायम असतं पाणी."

"असू द्या. भरलेलं बरं."

घरमालकीण आत गेली आणि पोफळींच्या सावलीतून तो टुणटुणत आला. हिरवी पाठ, डोळ्यावर काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक. थेट माझ्यात उतरला आणि पंख फडफडवून न्हाऊ लागला. मला अशा गुदगुल्या झाल्या! वच्छलाबाई तोंडाला पदर लावून पायरीवर बसून राहिल्या.

उन्हानं रापलेली मंडळी दुपारी परतली. नवरंग कुणालाच दिसला नव्हता. वच्छलाबाईंनी सांगितलं, "लई देखणा होता बघा. पण शेपूट नसल्यासारखंच."

"काकू, भांड्यांबरोबर शेपूटही घासून काढलंत का?" मंडळींतली बँकवाली मंजुषा म्हणाली. सगळे हसले.

आप्पासाहेब चपापले. "आखूड शेपूट... नवरंग असेलही. पण एकट्यानं पाहिलेला पक्षी आपण यादीत धरत नाही. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझाच."

"मी कुठं एकटी होते? ही होती की!" त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. पुन्हा हशा. वच्छलाबाई मात्र हसल्या नाहीत. "इतकी वर्षं तुमच्या पक्ष्यांपायी भाकरी बांधल्या. माझा एक नाय धरायचा?"

आप्पासाहेबांनी पक्ष्यांचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

निघताना वच्छलाबाईंनी मला बसमध्ये घेतलंच नाही.

"अगं, रुखवतातली परात!"

"असू दे. तो आला तर त्याला पाणी नको?"

तेव्हापासून मी इथंच, नळाखाली. आठवड्याच्या पाण्यावर जगलेली मी आता रिकामी अशी राहतच नाही. वाचकहो, उन्हाळ्यात तुमच्याही दारात एखादं पसरट भांडं भरून ठेवा. भाकरीइतकंच हेही काम चांगलं आहे, असं मला वाटतं. चुकत असेन कदाचित.

काही वर्षांनी मंडळींना घेऊन दोघं पुन्हा आली. गुडघे बदललेल्या वच्छलाबाई मंडळींबरोबर तरातरा खाडीकडं गेल्या. आप्पासाहेब मात्र पायरीवर बसले, माझ्याकडं टक लावून. ऊन चढू लागलं तसा पोफळींतून तो आला. गळ्यातली दुर्बीण उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

वच्छलाबाई परतल्यावर ते म्हणाले, "तुझा नवरंग धरला. तेव्हाचाच."

"म्हंजे तुम्हाला दिसला तवाच धरला व्हय?"

"व्हय," आप्पासाहेब खाली मान घालून म्हणाले. "शेपूट खरंच नसल्यासारखं असतं."