आई ट्रक मागे घेते

माझी आई वीस वर्षं बायकांचे केस कापत होती. एका सकाळी कात्री पुसता पुसता ती मावशीला म्हणाली, "मी ट्रक चालवायला शिकणार आहे," आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं.

दुकान दोघी बहिणींचं. मावशीला आधी ती थट्टाच वाटली.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आहे. पाय मात्र वीस वर्षं एकाच ठिकाणी आहेत. या खुर्चीत बसणारी प्रत्येक बाई कुठेतरी निघालेली असते. कोणी लेकीकडे, कोणी समुद्र बघायला. आणि मी? ही फरशी बघ, झिजली माझ्या पायाखाली."

फरशी खरंच झिजली होती. मी पट्टी आडवी ठेवून पाहिलं तर खालून उजेड दिसला.

शिकायला लागल्यावर गिअर, ब्रेक, चढ, उतार, सगळं तिला भराभर जमलं. अडलं ते एकाच जागी. मागे लांबलचक ट्रेलर जोडलेला असताना गाडी रिव्हर्स घेऊन खुणांच्या दोन रांगांमध्ये उभी करायची. पहिल्या परीक्षेत ट्रेलर जरा डावीकडे गेला, तिने तो उजवीकडे आणला. मग तो उजवीकडे जास्त झाला, म्हणून पुन्हा डावीकडे. शेवटी ट्रक आणि ट्रेलर अर्धवट मिटलेल्या कात्रीसारखे अडकून बसले. ती नापास झाली. ज्या माल वाहणाऱ्या कंपनीत तिला काम हवं होतं, तिच्या मालकाने सांगितलं, "पुढच्या वेळी पास झालात तर गाडी तुमची. नाहीतर मागे दुसरे थांबलेत."

मी भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर साबणाच्या डबीला मागे कंगवा बांधला आणि आईला समजावलं, "स्टिअरिंग फिरवल्यावर ट्रेलर वळायला वेळ घेतो. परिणाम दिसायच्या आतच तू दुसरी दुरुस्ती करतेस. म्हणून दर वेळी चूक वाढत जाते."

"म्हणजे?"

"म्हणजे घाई करतेस."

"मग तसं म्हण ना. एवढं शिकून एका शब्दासाठी तीन वाक्यं?"

पण नुसती घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सरावाच्या मैदानावर गेले तेव्हा ते कळलं. तिथल्या प्रशिक्षकांना सगळे ब्रेकमामा म्हणतात, कारण चहा पितानासुद्धा त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला असतो. ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "ताई, बिघडलं की थांबा. गाडी पुढे घ्या, सरळ करा, परत मागे या. परीक्षेत दोनदा परवानगी आहे."

आईने एकदाही गाडी पुढे घेतली नाही. बिघडलेला ट्रेलर ती तिथल्या तिथे सारखा करत राहिली.

घरी येताना मी विचारलं, "एका बाजूचे केस जास्त कापले गेले तर तू काय करतेस?"

"दुसरी बाजू तेवढीच करते."

"आणि मग ती जास्त झाली तर?"

"मग पुन्हा पहिली. शहाणी असेन तर वेळेवर थांबते. नसेन तर मावशीचा लग्नातला फोटो आठव." त्या फोटोत मावशीच्या कपाळावर जेमतेम बोटभर झालर उरली आहे.

"अगं, ट्रेलर म्हणजे केस नाहीत," मी म्हणाले. "गाडी पुढे घेतलीस की कापलेलं परत वाढतं."

घरी आल्यावर आईने टेबलावरची साबणाची डबी पुढे ओढली आणि मागचा कंगवा सरळ केला.

परीक्षेला मावशी दुकान बंद करून आली. "हिला परत न्यायला आलेय," असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. परीक्षक लांब वेणीच्या बाई होत्या. त्यांनी हात केला आणि गाडी मागे येऊ लागली. ट्रेलर उजवीकडे सरकला. मग डावीकडे. पुढची चाकं इकडून तिकडे वळू लागली, तसा मावशीने माझा दंड आवळला.

ट्रक थांबला. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग हळूच पुढे निघाला.

"पळून चालली की काय?" मावशी पुटपुटली.

"नाही. केस वाढवतेय."

मैदानाच्या टोकाशी ट्रक आणि ट्रेलर एका रेषेत आले. आईने पुन्हा रिव्हर्स घेतला. या वेळी स्टिअरिंग जरासं वळवायची आणि वाट बघायची. ट्रेलर खुणांच्या मधोमध येऊन उभा राहिला. कडेला उभ्या ब्रेकमामांचा पाय जमिनीवरून उचलला गेला.

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि गिऱ्हाइकाच्या मानेमागे छोटा आरसा धरून विचारते त्याच आवाजात परीक्षक बाईंना विचारलं, "मागून ठीक आहे ना?"

बाई खरंच मागे जाऊन, वाकून बघून आल्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "या खाली, पास झालात."

मावशी तरातरा ट्रकपाशी गेली. आता भांडण होणार, असं मला वाटलं.

"पहिली फेरी कुठे?" तिने विचारलं.

"बंदरावर."

मावशीने पायरीवर चढून आत डोकावलं आणि ड्रायव्हरच्या शेजारची सीट हाताने दाबून पाहिली. "दुकान एक दिवस बंद राहिलं," ती म्हणाली, "तर कोणाचे केस गुडघ्यापर्यंत वाढणार आहेत?"