सातव्या बाकावरची इर्मेली

इर्मेलीचा राग इन्सुलिनच्या पंपावर नव्हता, स्वतःच्या शरीरावर होता. एक्कावन्नाव्या वर्षी या बयेला पुन्हा नाटकं सुचली होती. वयात येताना इन्सुलिनचे आकडे बदलले, दोन्ही बाळंतपणांत बदलले, आणि आता पाळी जायच्या वेळी रात्री घाम फुटून साखर चढायची, दिवसा होडी वल्हवली की धाडकन उतरायची. कंबरेचा पंप बिचारा सांगू तेवढंच इन्सुलिन सोडायचा. सांगायचं किती, हेच कुणाला कळेना.

"पंधरा टक्के कमी कर," दवाखान्यातली नर्स फोनवर म्हणाली. केले. दोन दिवसांनी साखर सोळावर, दहाच्या आत हवी ती.

"मग दहा टक्के वाढव."

"अगं, मी काय रेडिओ आहे, बटण फिरवत बसायला?"

नर्स हसली. इर्मेली हसली नाही.

शर्यत तीन आठवड्यांवर आली होती. पूर्वी गावाला तळ्यापलीकडच्या चर्चला नेणाऱ्या लांब चर्च-होडीत सात बाकं, चौदा बायका, प्रत्येकीच्या हातात एक वल्हं. एकीचं थांबलं की पुढच्या-मागच्या बाकावरचं त्यावर आपटतं, म्हणून होडीत कुणी एकटीने थांबायचं नसतं. अकरा उन्हाळे इर्मेली सातव्या बाकावर बसत होती. ग्रंथालयातल्या नोकरीत दिवसभर दबक्या आवाजात बोलून तिचा जीव विटायचा. ती जागा तिला सोडायची नव्हती.

सोमवारी सरावानंतर सगळ्या नेहमीसारख्या तळ्याकाठच्या साउनात, गरम वाफेच्या खोलीत, गेल्या. पंप त्या उष्णतेत नेता येत नाही. तासभर तो बाहेर खुंटीवर राहणार, म्हणून इर्मेली आधीच दोन युनिट जास्तीची घ्यायची. हिवाळाभर हे बरोबर बसलं होतं. आज अंगाने तासभर वल्हवलंय, हे तिच्या डोक्यातून साफ गेलं. त्यात गरम वाफेने ते इन्सुलिन झपाट्याने अंगात भिनलं. साखर उतरली आणि थोड्या वेळात ती भलतंच बरळायला लागली. शेजारच्या सिर्काने तिला ओढत बाहेर आणलं आणि गोड सरबत पाजलं.

सुकाणू धरणारी हेल्लेवी, सत्तरीची बाई, टॉवेल गुंडाळून समोर येऊन बसली. "पाण्यात असं झालं असतं तर?"

"झालं नाही ना."

"गेल्या दोन सरावांत तू ताल चुकलीस. मला वाटलं, थकलीस."

"साखरेच्या गोळ्या खात होते. चोरून."

"तेरा जणींत बसून चोरून," हेल्लेवी म्हणाली. "गुरुवारी तसं केलंस तर काठावर बसायचं. मी दुसरी बघेन."

गुरुवारी इर्मेलीने सगळं नर्सने सांगितल्याप्रमाणे केलं. दोन तास आधी पंप कमी केला, पाव खाल्ला. तरी भर तळ्यात पंप वाजला. पडद्यावर साखर चारच, आणि बाण खाली, म्हणजे अजून उतरणार. आदल्या रात्री तीच सतरा होती. इतका संताप आला की वल्हं फेकून द्यावंसं वाटलं. तिने दात खाऊन दहा फटके मारले, नेहमीसारखे. अकराव्या फटक्याला ताल चुकला.

"थांबा," ती ओरडली.

चौदाही वल्ही वर आली. सगळ्यांदेखत ती गोळ्या चावत राहिली, आणि रागाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. समोरून कुणीतरी पुटपुटलं, "झालं, आता बसा इथेच."

"तू गप गं," सिर्का म्हणाली.

पंधरा मिनिटं होडी तशीच तरंगत राहिली. मग हेल्लेवीने विचारलं, "शर्यतीत किती वेळा थांबावं लागेल?"

चाळीस वर्षं इर्मेली डॉक्टरांना, नवऱ्याला, मुलांना एकच सांगत आली होती: आता जमलंय, पुन्हा नाही होणार.

"माहीत नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही, नाहीतर तीनदा. सगळं नीट करूनसुद्धा. मला खरंच माहीत नाही गं."

हेल्लेवीने सुकाणू सरळ केलं.

"घ्या गं बायांनो, वल्ही पाण्यात. आणि इर्मेली, पुढच्या वेळी पंप वाजला की ते दहा फटके मारायच्या आधी ओरड."