मुळं निरोगी होती

“आधी फादरना पाणी शिंपडू द्या, मग सुरी लावू,” फिदेन्सियो गर्दीला दटावत होता, जणू सुरी गर्दीच्याच हातात होती. सुरी त्याच्या हातात होती. नवी कोरी, हाडाच्या मुठीची. चर्चच्या पायऱ्यांवर मेज, मेजावर इस्त्री केलेलं पांढरं कापड, आणि कापडावर त्याच्या दोनशे झाडांच्या नव्या बागेतली पहिली बारा फळं. काळीभोर, लांब मानेची, वांग्यासारखी तुकतुकीत अ‍ॅव्होकाडो.

मेजापासून दहा पावलांवर लालिया पोतं पसरून बसली होती. ही जागा मिळावी म्हणून ती उजाडायच्या आधी आली होती. पुढ्यात डिसेंबरातला सगळा माल: बोराएवढे पिवळे तेहोकोते, उसाची कांडकी, पेरू, मातकट सालीचे हिकामाचे कंद. सणाच्या दिवसांत घरोघरी उकळणाऱ्या गोड काढ्यात हेच सगळं पडतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. मांडीशी एक टोपली होती. तिच्यावर फडकं घट्ट खोचलेलं होतं.

“काढ की गं फडकं,” शेजारी बसलेली चोले म्हणाली. “दोन बायका विचारून गेल्या, आत काय आहे म्हणून.”

“थांब.”

“आणखी किती? चार वर्षं गप्प बसून माझ्या जिभेला गंज चढला.”

“मग अजून पाव तास चढू दे.”

चोले फिसकन हसली आणि लगेच तोंडावर पदर घेतल्यासारखी शाल ओढली. बारा डिसेंबर, देवमातेचा दिवस, आणि ही बया चर्चसमोर हसते म्हणजे काय.

सांता मारिया तेकोमाका या गावात एक रीत आहे. नव्या बागेचं पहिलं फळ देवमातेचं. बारा तारखेला पायऱ्यांवर त्याला आशीर्वाद मिळाल्याशिवाय, सगळ्यांदेखत कापल्याशिवाय, मालकानंही ते जिभेवर ठेवायचं नाही. चोरून खाल्लं तर बाग वांझ होते म्हणतात. फिदेन्सियो देवाला फारसा भ्यायचा नाही, पण बाग वांझ होण्याला भ्यायचा. तिसऱ्या वर्षी आलेली बोटभर फळं त्यानं झाडाला जोर यावा म्हणून स्वतःच खुडून टाकली होती. या वर्षीची दहा दिवसांपूर्वी उतरवून गवतात पिकत घातली होती. चाखली नव्हती. त्या रीतीवरच लालियाची चार वर्षं उभी होती.

फिदेन्सियो तिचा कोंपाद्रे, ती त्याची कोमाद्रे. तिच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातांवर धरलं होतं, आणि या भागात ते नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं मानतात. कोंपाद्रे-कोमाद्रेंनी एकमेकांना अरे-तुरे करायचं नाही, भांडायचं नाही, एकमेकांचं वाईट चिंतायचं नाही. या तिन्हींतलं पहिलं लालियानं आजवर पाळलं होतं.

झाड तिच्या आईचं होतं. घराच्या कुंपणाला लागून उभं, आणि नाव काळी. गावात अ‍ॅव्होकाडोला तोटा नव्हता. जाड सालीचं हास होतं, हिरवं फुएर्ते होतं. पण काळी म्हणजे काळी. ती ऐन थंडीत यायची. साल इतकी पातळ की द्राक्षासारखी चावून खायची. पान चुरगाळलं की बडीशेपेचा वास. आणि आतला गर लोण्याहून मऊ, त्याला अक्रोडाची चव. आई क्लेओफास गरम पोळीवर मिठाच्या दोन खड्यांसोबत तो चिरडायची आणि म्हणायची, “आता राजा काय जेवतो ते जेवू दे.”

फिदेन्सियोची रोपवाटिका होती. कलमं बांधायला लालिया जायची. अख्ख्या डोंगरउतारावर तिच्यासारखा हात नव्हता, शंभर बांधली की अठ्ठ्याण्णव फुटायची. तो दर हिवाळ्यात काळी खायला यायचा, सालीसकट खायचा, बोटं चाटायचा आणि म्हणायचा, “कोमाद्रे, ही बाजारात नेली तर शहर वेडं होईल.”

“शहर आधीच वेडं आहे,” क्लेओफास म्हणायची. “आमचं झाड शहाणं राहू द्या.”

मग चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. लालिया तिला घेऊन अकरा दिवस शहरातल्या इस्पितळात होती. परतली तेव्हा कुंपणाशी आभाळ होतं. नुसतं आभाळ. खाली हातभर उंचीचं खोड.

गावच्या रोगराई-निवारण समितीचा अध्यक्ष कोण, तर फिदेन्सियो. कागद तयार होता, शिक्का तयार होता. “मूळकूज, कोमाद्रे. दोन महिन्यांत अख्ख्या गल्लीत पसरली असती. मला काय आनंद झाला का? माझे डोळे भरून आले. पण मी कलमासाठी तिच्या काड्या वाचवल्या. तीन पोती भरून, ओल्या कागदात गुंडाळून. तुमच्या हातानं बांधा, काळी माझ्या बागेत जगेल.”

 तो गेल्यावर लालियानं खोडाभोवतीची माती हातांनी उकरली. कूज लागलेलं मूळ काळं पडतं, बोटात धरलं की मोडतं. हिची मुळं पांढरी होती, लवचीक होती, टोकाशी नवी फुटत होती. तोडल्यावरही बिचारी पाणी ओढत होती. कशासाठी तोडली ते मग उघडंच झालं. जगात काळी एकच राहावी, आणि ती याच्या बागेत राहावी. महिन्याभरात रोपवाटिकेवर पाटीसुद्धा लागली: ‘अरिस्मेंदी नेग्रो, आमच्या आजोबांच्या शेतातला खास वाण’. आजोबा! त्याच्या आजोबानं आयुष्यभर दारू गाळली.

आई फेब्रुवारीत गेली. शेवटच्या आठवड्यात तिला काळी हवी होती. लालियानं बाजारातून हास आणलं, मऊ, चांगलं. म्हातारीनं अंगठ्यानं साल चाचपली आणि फळ पांघरुणावर ठेवून दिलं.

“हे आपलं नाही,” ती म्हणाली. “आपलं कुठंय?”

तेवढंच. पुढं चार वर्षं लालियाच्या कानात तेवढंच वाजत राहिलं.

पण त्याच्याही आधी, जानेवारीत, तिनं आपलं काम करून टाकलं होतं. पोती तिच्याच पडवीत आणून ठेवली होती, काड्या सोलून नीट करायला. घरामागे, धुण्याच्या दगडापलीकडे, आणखी एक झाड होतं. काळीच्याच फेकलेल्या कोयीतून उगवलेलं. अ‍ॅव्होकाडोची कोय आईवर जात नाही. हे झाड मात्र रूप तेवढं आईचं घेऊन आलं होतं. तेच पान, तोच वास, तीच लांब मान, तोच काळा रंग. आत मात्र पाणचट गर आणि काथ्यासारखे दोरे. क्लेओफासनं त्याचं नाव लबाड ठेवलं होतं. त्याची फळं डुकरांना घालायचे, आणि डुकरंही विचार करून खायची. हे ठाऊक होतं ते फक्त क्लेओफासला आणि लालियाला.

लालियानं लबाड बोडकं केलं. त्याच्या काड्या पोत्यांत गेल्या. काळीच्या काड्या निघाल्या शालीखाली.

दोनशे खुंटरोपांवर तिनं लबाड बांधलं. एकेक पाचर नीट, एकेक पट्टी घट्ट. फिदेन्सियो मागे उभा राहून बघत होता आणि म्हणत होता, “काय हात आहे, कोमाद्रे! सोन्यानं मढवावा.” कलम बांधणाऱ्याकडे शब्दाशिवाय दुसरं असतं काय? गिऱ्हाइकाला चार वर्षं काहीच कळत नाही. काडी कुठली, हे बांधणाऱ्याच्या शब्दावर चालतं. आईनं तिला चाकू देताना हेच सांगितलं होतं, हात चुकला तर झाड मरतं, शब्द चुकला तर तू. दोनशेवं कलम बांधून झाल्यावर लालियानं चाकू पुसला, मिटला आणि पुन्हा कधी उघडला नाही. लोकांना सांगितलं, बोटं आखडतात. खोटं होतं. बोटं ठणठणीत होती.

त्याच्या आदल्या दोन दिवसांत मात्र त्याच चाकूनं तिनं अकरा परसांत काळी चढवली होती. चोलेच्या रानटी अ‍ॅव्होकाडोवर एक फांदी, शिंपिणीच्या झाडावर दोन, दाईच्या गोठ्यामागे एक. कुणी शिंकलं तर पलीकडच्या आळीत कळतं असं हे गाव. पण अकरा बायका चार वर्षं गप्प राहिल्या. एकीचं पाणी फिदेन्सियोनं तोडलं होतं, एकीच्या नवऱ्याला समितीतून हाकललं होतं, एकीला काही केलं नव्हतं पण ती म्हणाली, “मला त्याची मिशीच आवडत नाही.”

अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही. महिनोन्‌महिने लटकतं, दगडासारखं. तोडलं की मग मऊ पडतं. लालिया चार वर्षं तशीच लटकत होती. आज तोडायचा दिवस होता.

फादरनी पाणी शिंपडलं. पुएब्लाहून आलेला इंजिनिअर मेजाच्या उजव्या अंगाला उभा होता. मोठ्या हॉटेलांना माल पुरवायचा तो, आणि अख्खी बाग दहा वर्षांसाठी बांधून घ्यायला आला होता. समोर धुरानं दाटलेला डॉन गोयो, म्हणजे आमचा ज्वालामुखी, सगळं बघत बसला होता.

“चार वर्षं मी हे फळ शिवलं नाही,” फिदेन्सियो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर कापत होता. “खारीसुद्धा शिवल्या नाहीत. एकही कुरतडलेलं सापडलं नाही. जनावरालाही कळतं, काय पवित्र आहे ते.”

“जनावराला कळतंच,” चोले पुटपुटली.

सुरी फळात शिरली आणि अडकली. त्यानं मूठ दाबली. फळ दुभंगलं, पण दोन अर्धी वेगळी होईनात. मध्ये दोरे ताणले गेले, जुन्या गादीतून निघतात तसे. खालून पाणी गळलं आणि इस्त्रीच्या कापडावर हिरवा डाग पसरला.

“हे एक खराब निघालं,” तो म्हणाला. दुसरं कापलं. तिसरं. चौथं तर त्यानं हातानंच फाडलं.

इंजिनिअरनं शिष्टाचार म्हणून एक फोड तोंडात टाकली, दोनदा चावली आणि रुमालात काढली. दातात अडकलेला दोरा ओढत तो म्हणाला, “सेन्योर अरिस्मेंदी, हे खायचं आहे की विणायचं?”

आधी मागच्या रांगेत कुणीतरी खिंकाळलं. मग पायऱ्यांवर हसू सांडलं. फादरसुद्धा पाण्याच्या भांड्यात बघायला लागले.

फिदेन्सियोची नजर गर्दीवरून फिरली आणि लालियावर येऊन थांबली. तिनं डोळे खाली घेतले नाहीत. ती बघत होती, त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट कशी पोचते ते. पोती. पडवी. धुण्याच्या दगडामागचं बोडकं झाड. त्यानं तोंड उघडलं.

“बोला, बोला, कोंपाद्रे,” ती मोठ्यानं म्हणाली. “काड्या तुमच्या आजोबांच्या शेतातल्या होत्या ना?”

त्यानं तोंड मिटलं. काय बोलणार? काड्या बदलल्या म्हणायचं, तर आधी त्या कुणाच्या झाडाच्या होत्या ते सांगावं लागणार. झाड का तोडलं ते सांगावं लागणार. पाटीवरच्या आजोबाला गावासमोर पुन्हा पुरावं लागणार.

लालियानं टोपलीवरचं फडकं काढलं.

पुढचा तासभर तिला मान वर करायला फुरसत झाली नाही. ज्यांनी क्लेओफासच्या परसात काळी खाल्ली होती, ते म्हातारे लोक नुसत्या वासावर आले. एकजण सालीसकट खाऊन तिथंच जमिनीवर बसला. इंजिनिअरही आला, एक खाल्लं, आणि दुसरं उचललं.

“ही बाग कुठं आहे, बाई?”

“बाग नाही. अकरा परसं आहेत.”

“वाणाचं नाव?”

“क्लेओफासची काळी. लिहून घ्या. आणि विकायची नाही, हेही लिहून घ्या. खायला पुढच्या डिसेंबरात या.”

दुपार कलली तेव्हा टोपलीत एकच फळ उरलं होतं. फिदेन्सियो आला. टोपी हातात होती. सकाळचा तो माणूस नव्हता, कुणीतरी त्याची मान काढून घेतल्यासारखा दिसत होता. चोले उठून पलीकडे गेली, पण कान इथंच ठेवून.

“तुम्ही कलम बांधणाऱ्या, कोमाद्रे,” तो हळूच म्हणाला. “तुमच्या हाताला हे शोभलं का?”

“नाही,” लालिया म्हणाली. “म्हणून तर चाकू ठेवून दिला. तुम्ही काय ठेवून दिलंत?”

त्यानं टोपी हातात फिरवली.

“एक काडी द्या. एकच. सगळं विकून मी ती बाग लावली. दोनशे झाडं उभी आहेत. वरून छाटीन, पुन्हा बांधून घेईन. मुळं निरोगी आहेत हो त्यांची.”

“तिचीही निरोगी होती.”

 लालियानं शेवटचं फळ उचललं आणि त्याच्या पुढं धरलं. “खा. सालीसकट. आई असती तर तिनं उपाशी पाठवलं नसतं.”

त्यानं खाल्लं. उभ्या उभ्या, पाठ बाजाराकडे करून. पहिल्या घासाला त्याचा जबडा थांबला, मग हळूहळू चालू झाला. संपलं तेव्हा कोय बोटांत राहिली, आणि आयुष्यभराच्या सवयीनं त्याचा हात खिशाकडे वळला.

लालियानं तळवा पुढं केला.

त्या कोयीतून काळी उगवणार नव्हती. उगवलंच तर एखादं लबाड. दोघांनाही ते चांगलं ठाऊक होतं. तरी तळवा तसाच राहिला. चाकूच्या मुठीनं अंगठ्याच्या बुडाशी पडलेला तिचा तीस वर्षांचा घट्टा आता निघून गेला होता, तिथली कातडी कोवळी, गुलाबी झाली होती.

फिदेन्सियोनं कोय तिथं ठेवली.

तिनं ती एप्रनला पुसली, टोपलीत टाकली, वर फडकं घातलं आणि त्याच्या मागे उभ्या बाईकडे बघितलं.

“तेहोकोते किती देऊ, ताई?”