कालवण गरम पोचेल एवढ्याच अंतरावर

आमच्या बाबांचा एक कायदा आहे. मुलगी द्यायची ती कालवण गरम पोचेल एवढ्याच अंतरावर. या कायद्यापायी विनयाताईची नाशिकची आणि पुण्याची चांगली स्थळं चहा प्यायच्या आतच बाद झाली आणि ती गोखिवऱ्याला गेली. आई गेल्यापासून दर रविवारी बाबा स्वतः कोलंबीचं कालवण करतात, डबा टॉवेलात गुंडाळतात आणि आगाशीहून स्कूटरने तिच्याकडे नेतात. जेवताना जावयाला चार अकलेच्या गोष्टीही शिकवतात. भावजींचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

मी परेश निवडला. त्याचे आईवडील इथे जवळच फुलपाड्यात, पण नोकरी हैदराबादला. बाबांना मुलगा पसंत, पत्ता नापसंत. लग्न करीन तर याच्याशीच हे माझं ठरलेलं होतं, पण बाबांना दुखवून करायचं नव्हतं. मी गेल्यावर आमच्या वाडीत ते आणि केळी एवढेच उरणार होते. म्हणून परेश मागणी घालायला आला त्या दिवशी मी ताईलाही बोलावून घेतलं.

परेशने फोनमध्ये बघून सांगितलं, हवाई अंतर सव्वासहाशे किलोमीटर, विमानाने फक्त दीड तास. त्याला वाटलं, आता जिंकलो. बाबा बोटं मोजायला लागले. विमानतळ गाठायला अडीच तास, तिथे दोन तास आधी जाऊन बसायचं, उतरल्यावर पुन्हा तासभर गाडी.

"विमान जाईल हो दीड तासात," बाबा म्हणाले, "कालवण सात तासांनी पोचेल."

त्यावर या शहाण्याने प्रामाणिकपणे कबूल केलं की रस्सा भरलेला डबा विमानात सोबत घेऊच देत नाहीत. मला त्याचा गळा दाबावासा वाटला. म्हणजे बापाने लेकीकडे हात हलवत यायचं का, असं विचारून बाबांनी विषय संपवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ताई बोलली.

"बाबा, गोखिवऱ्यालाही ते गारच येतं. तुम्ही हातपाय धुवायला जाता तेव्हा मी गरम करते."

बाबांची स्कूटर वाटेत दिसेल त्या माणसापाशी थांबते, हे सगळ्या आगाशीला माहीत आहे. बाबांना मात्र हा हिशेब कधी सुचलाच नव्हता. ते ताईकडे वळले.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"गार येतं म्हटलं असतं, तर तुम्ही यायचं थांबला असता."

ताईला मी आजवर गरीब गाय समजत होते. मला एकदम भरून आलं, आणि आपल्याला हे कधी दिसलं नाही याची लाजही वाटली. बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, घसा खाकरला आणि परेशकडे वळून विचारलं, "तुमच्या तिकडच्या घरी गॅस आहे ना?"