त्रेसष्ट बारीक तोंडं

मी स्पंज बोलतोय. आंघोळीचा नव्हे, भांडी घासायचा तर मुळीच नव्हे. माशांच्या टाकीत, कोपऱ्यात, हवेच्या नळीला अडकवलेला काळपट बुळबुळीत गोळा बघितलाय का कधी? तो मी. बघून तुम्ही नाक मुरडता. मुरडा. तुमच्या नाकाशी मला काही देणंघेणं नाही.

जन्माचं काय सांगायचं? कारखान्यात मोठ्या पिवळ्या ठोकळ्यातून मला कापला, मधोमध भोक पाडलं आणि पिशवीत कोंबला. आई नाही, बाप नाही. तेव्हा मी स्वच्छ होतो आणि बिनकामाचा होतो. असे स्वच्छ आणि बिनकामाचे जगात पुष्कळ असतात, जाऊ द्या.

मला विकत घेतलं एका घड्याळजीनं. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागच्या खोलीत त्याच्या दोन टाक्या. मोठ्या टाकीत मिशाळ कॅटफिश, तळाशी नाक खुपसत फिरणारे. छोटी टाकी पिल्लांसाठी. दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलेलंच असायचं, तसाच उठून यायचा आणि माशांकडे बघत बसायचा.

"घड्याळं थांबलीत तिकडे सगळी," त्याची बायको ओरडायची.

"अगं, थांबलेलीच आणून देतात लोक. चालणारी कोण देतंय?"

बायको माशांना सवत म्हणायची. माशांना अगदी पाण्यात बघायची. आता मासे पाण्यातच बघतात सगळे, पण हिचं बघणं वेगळं होतं.

घड्याळजीनं मला दीड महिना मोठ्या टाकीत नुसता मुरत ठेवला. माझ्या भोकाभोकांत बारीक जीव वस्तीला आले. माशांची घाण खायची आणि पाणी गोड ठेवायचं, हे त्यांचं काम. मी काळा पडलो, जड झालो, आणि तेव्हा कुठे मी कामाचा झालो. मग त्यानं मला पिल्लांच्या टाकीत लावला. तिथे मोठा फिल्टर चालत नाही, पिल्लं ओढली जातात. माझ्यासारखा मऊ म्हाताराच लागतो.

मादी मोठ्या टाकीच्या काचेवर अंडी चिकटवायची. तो ती बोटानं अलगद सोडवायचा, इकडे आणायचा, निळ्या औषधाचे दोन थेंब टाकायचा. पांढरी पडलेली अंडी घड्याळाच्या चिमट्यानं उचलून फेकायचा. चार-पाच दिवसांनी पिल्लं. पापणीच्या केसाएवढी, पोटाला पिवळी पिशवी बांधलेली. ती पिशवी संपेतो खायला काही द्यायचं नाही. नंतर टाचणीच्या डोक्याएवढी पूड. उरलेली पूड कुजते, म्हणून दोन वेळा थेंबनळीनं तळ साफ. पाणी बदलायचं ते थोडंसं, आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं.

आणि मी? पंधरा दिवसांतून एकदा तो मला टाकीच्याच उपसलेल्या पाण्यात बुडवायचा, दोनदा हलकेच पिळायचा आणि परत ठेवायचा. बस्स. वर्षानुवर्षं. बोलता बोलता, शीळ घालता घालता. त्यात काही सांगण्यासारखं आहे हे त्याच्या डोक्यातही कधी आलं नाही. नडलं ते तेच.

एका खेपेला त्रेसष्ट पिल्लं निघाली. इतकी कधीच नव्हती. भिंग लावून त्यानं तीनदा मोजली. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. ताबडतोब ऑपरेशन.

जाण्याआधी पोट धरून त्यानं एका जुन्या पाकिटाच्या मागे सगळं लिहिलं आणि काचेवर चिकटवलं. खायला कधी, किती, पाणी कुठलं. सगळ्यात शेवटी: 'घाण अजिबात ठेवू नको.' खाली दोन रेघा.

"एवढेसे किडे," बायको म्हणाली, "आणि कागद भरून फर्मान!"

"त्रेसष्ट आहेत. आल्यावर मोजून घेईन."

"घ्या. मी काय खाणार आहे त्यांना?"

पण खरं सांगतो, त्या बाईनं केलं. घड्याळाच्या काट्यावर केलं. पूड टाकताना श्वास रोखायची. तळ साफ करताना एक पिल्लू नळीत आलं तर किंचाळली, परत सोडलं, आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "मेल्या, तुझा बाप विचारेल ना मला." पाचव्या दिवसापर्यंत ती त्यांच्याशी बोलायला लागली होती. पिल्लं माझ्या अंगावर चढून बसायची आणि चरायची. त्रेसष्ट बारीक तोंडं. सुईच्या टोकानं गुदगुल्या कराव्यात तशी. मला पोरंबाळं नाहीत. पण तेव्हा होती, एवढंच म्हणतो.

सहाव्या दिवशी तो घरी यायचा होता. सकाळी बाईनं खोली झाडली, काचा पुसल्या. कागद पुन्हा वाचला. दोन रेघांवर बोट ठेवलं. मग तिची नजर माझ्यावर गेली.

"अगंबाई, हे राहिलंच की."

तिनं मला उपटला. नळाखाली धरला. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माझ्या भोकाभोकांतून धो-धो गेलं. वर ब्रश. ती घासत होती आणि गुणगुणत होती, नवरा घरी येणार म्हणून. मला तोंड नाही. असतं तर मी अशी शिवी हासडली असती की ती मरेपर्यंत विसरली नसती. माझ्यातलं गावच्या गाव मोरीतून वाहून गेलं. पिवळाधमक होऊन मी टाकीत परत आलो. पिल्लं धावत आली, चरायला. चरायला काही नव्हतं.

तो आला. पोटाला टाके, भिंतीला धरत धरत, पण आधी टाकीशी. भिंग लावलं. मोजायला लागला. मग मी दिसलो.

त्याचा हात काचेवरच राहिला.

"कसा चकाकतोय बघा," ती म्हणाली. "नखं मोडली माझी. खूश?"

त्यानं भिंग डोळ्यावरून काढलं. मग म्हणाला, "छान केलंस."

नंतर मात्र वेड लागल्यासारखा धडपडला. मोठ्या टाकीतला गाळ आणवला, माझ्यावर पिळायला लावला. तासातासाला थोडं पाणी बदलायला लावलं. ती बादल्या उचलत होती आणि विचारत होती, "अहो, पण झालंय काय?" तो पुढची बादली मागत होता. पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता, पण न खाल्लेल्या घाणीचं विष होतं. पहिल्या दिवशी वीस गेली. दुसऱ्या दिवशी छत्तीस. तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेली सात.

सवत म्हणणारी बाई जमिनीवर बसून रडली.

"थंडी बाधली गं त्यांना," तो म्हणाला. "तुझा काही दोष नाही."

दिसली तेवढी त्यानं थेंबनळीनं काढली. माझ्या मागे आणि खाली चिकटलेली राहिली. ती माझ्यातच विरघळली. त्यांच्यावरच माझी नवी वस्ती उभी राहिली.

"टाकी रिकामी चालू दे," त्यानं बायकोला सांगितलं. "रोज चिमूटभर पूड टाक. स्पंज पुन्हा मुरायला हवा. मग नवी अंडी आणू."

दोन महिन्यांनी तो दुकानात कामावर बसल्या जागी गेला. भिंग डोळ्यालाच होतं.

बाई रोज रिकाम्या टाकीत चिमूट टाकत राहिली. दीड वर्ष. शेजारणी म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झालाय. मोठ्या टाकीत मासे अंडी घालायचे, आणि खायचेही तेच. ती तिकडे बघायची नाही. ती माझ्यासमोर बसायची, काचेला कान लावून. काय ऐकायची कोण जाणे. मला मात्र तोंडं लागत होती. टाकीत एक पिल्लू नाही, आणि सकाळी पूड पडली की अंगभर सुया. मी मोजायचो. दर वेळी त्रेसष्टच.

शेवटी तिनं सगळं देऊन टाकायचं ठरवलं. शोभेचे मासे विकणारा दुकानदार आला. त्यानं मला दोन बोटांनी दाबून बघितलं.

"वा! रिकाम्या टाकीत असा जपलाय? जाणकार आहात बाई."

"ते सांगून गेले म्हणून टाकते. मला काय कळतंय?"

"नळाखाली धुतला नाहीत ना कधी? नवे लोक हमखास हीच चूक करतात. चकाचक करतात, आणि तीन दिवसांत पिल्लं साफ."

ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "थंडीनं मरतात ना?"

"थंडीनं? या जातीला गारवा मानवतो हो. गार पाणी टाकलं की उलट अंडी घालतात."

ती माझ्याकडे वळली.

"आज काही नेऊ नका," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिनं काचेवरचा कागद काढला. पाणी उडून उडून शाई पसरली होती, दोन रेघा मात्र ठळक होत्या. "तुम्हीच लिहिलं होतंत," ती म्हणाली. "आणि छान केलंस म्हणालात. एकदा ओरडला असतात तर काय बिघडलं असतं?" मग पेन शोधून तिनं रेघांच्या खाली लिहिलं, 'स्पंज धुवायचा नाही.' आणि कागद होता तिथेच लावला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या टाकीत तिनं गार पाणी ओतलं. चौथ्या दिवशी काचेवर अंडी होती. तिनं ती बोटानं सोडवली. एकही फुटलं नाही.

आज पिल्लांच्या पोटाच्या पिशव्या संपल्या. चरायची वेळ झालीय. आणि मी घाबरलोय, म्हातारा असून. ती माझ्या अंगावर येतील, खातील ते काय खातील? त्यांच्याच भावंडांचा गाळ.

हे आत्ता एक तोंड लागलं. जुन्यांतलं की नवं, मला सांगता येईना. पण बाईनं घड्याळजीचं भिंग पहिल्यांदाच डोळ्याला लावलंय, आणि काचेपलीकडे तिचा श्वास थांबलाय. म्हणजे नवं असणार.

माझं मागणं एवढंच. मी घाणेरडा आहे, मला घाणेरडाच राहू द्या. तुमचा हात कितीही मायेचा असो, नळापासून लांब ठेवा.